डेव्हिड क्लाइड १८व्या वर्षी मेजर लीगला आला आणि २६व्या वर्षी घरी बसला, हे नक्की कशामुळे?

एका ताईंनी विचारलंय की त्यांचा भाचा डॅलसजवळ शाळेत बेसबॉल खेळतो, डावखुरा पिचर (बॅटरला बॉल टाकणारा) आहे, वय १५, आणि त्याच्या कोचने घरच्यांना समोर बसवून सांगितलं की पोराचा डेव्हिड क्लाइड करू नका. आता हा क्लाइड कोण, एवढा भारी होता तर संपला कसा, खांद्याने गेला की डोक्याने, आणि थेट वर, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या मेजर लीगमध्ये, नेलं नसतं तर वाचला असता का, असे चार प्रश्न एका दमात. मी इथे ह्यूस्टनच्या बाहेर शाळकरी पोरांना पिचिंग शिकवतो, बरीच वर्षं झाली, त्याआधी महाराष्ट्रात कॉलेजकडून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळलोय. क्लाइड आमच्याच ह्यूस्टनचा, इथल्या जुन्या कोच लोकांच्या तोंडी त्याचं नाव अजून असतं, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी माझं मत सांगून टाकतो. खांदा हे शेवटचं कारण, पहिलं नाही. पोराला दोन सामन्यांसाठी वर नेलं होतं, ते झाल्यावर खाली मायनर लीगमध्ये, म्हणजे पोरं वर जाण्याआधी जिथे तयार होतात तिथे, पाठवायचं असं ठरलेलं, पण तिकिटं खपत होती म्हणून पाठवलं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच्याशिवायच तिकिटं खपायला लागल्यावर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. सगळा घोळ तिथे आहे.

आता नीट सांगतो. १९७३ साल, ह्यूस्टनचं वेस्टचेस्टर हायस्कूल, तिथे हा डावखुरा पोरगा शेवटच्या वर्षाला. त्या वर्षी १८ सामने जिंकला, एकही हरला नाही, ईआरए ०.१८. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर किती रन पडले तो आकडा, मेजर लीगमध्ये तीनच्या खाली असला तर माणूस चांगला समजतात, आणि याचा ०.१८, म्हणजे अख्ख्या सीझनमध्ये त्याच्या खात्यावर जेमतेम तीन रन. जवळपास १४८ इनिंग टाकल्या, ३२८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट), पाच नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट, बेस मिळवून देणारा फटका, न देता संपवलेले सामने. हा १४८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ५ जूनला ड्राफ्ट, म्हणजे टीमांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, झाला आणि टेक्सास रेंजर्सने त्याला देशात पहिल्या नंबरवर उचललं. १,२५,००० डॉलर बोनस, तेव्हाच्या मानाने प्रचंड. डॉजर्सचा नावाजलेला डावखुरा पिचर सँडी कूफॅक्स हा त्याचा देव, म्हणून कूफॅक्सचाच ३२ नंबर याने पाठीवर घेतला.

रेंजर्सची अवस्था काय होती ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टीम १९७२ मध्ये वॉशिंग्टनहून उचलून आर्लिंग्टनला आणलेली, डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधे. मालक बॉब शॉर्ट, कर्जात बुडालेला. पहिल्या वर्षी १०० सामने हरले, दुसऱ्या वर्षी १०५. टेक्सास म्हणजे फुटबॉलवाल्यांचा मुलुख, जून-जुलैच्या त्या भट्टीत बसून हरणारी टीम बघायला कोण जाणार? १९७३ च्या पूर्ण सीझनला मिळून सहा लाख ८६ हजार प्रेक्षक, म्हणजे एका सामन्याला सरासरी साडेआठ हजार. मॅनेजर व्हाइटी हर्झॉग, तोंडाने सडेतोड माणूस, पुढे सेंट लुइसला जाऊन वर्ल्ड सिरीज जिंकला आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला, पण तेव्हा नवखा आणि मालकापुढे त्याचं काही चालत नव्हतं.

शॉर्टने ठरवलं की पोराला थेट मेजर लीगमध्ये उतरवायचं. मायनर लीगमध्ये एकही बॉल टाकलेला नाही, शाळा संपून महिना झालेला नाही, आणि २७ जून १९७३ ला मिनेसोटा ट्विन्ससमोर याला उभा केला. ३५,६९८ लोक आले. आर्लिंग्टन स्टेडियम त्याआधी कधी हाऊसफुल झालंच नव्हतं. रस्त्यावर गाड्यांची एवढी रांग लागली की सामना पंधरा मिनिटं उशिरा सुरू केला.

पहिली इनिंग सांगतो, त्यात पोरगा पूर्ण दिसतो. पहिला बॅटर जेरी टेरेल, वॉक. म्हणजे चार बॉल बाहेर गेले आणि बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. दुसरा रॉड कॅर्यू, त्या काळातला सगळ्यात पक्का बॅटर, त्यालाही वॉक. दोन माणसं बेसवर, कुणीही आउट नाही, ३५ हजार लोक चिडीचूप आणि माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, १८ वर्षांचं पोर. आणि मग बॉबी डार्विन, जॉर्ज मिटरवाल्ड, जो लिस, तिघंही ओळीने स्ट्राइकआउट. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. दुसऱ्या इनिंगला माइक ॲडम्सने दोन रनांचा होमरन मारला, तो धरून पाच इनिंगमध्ये फक्त तो एक हिट, आठ स्ट्राइकआउट, आणि रेंजर्स ४-३ ने जिंकले, विजय पोराच्या नावावर. वर्तमानपत्रांना आणखी काय पाहिजे.

पण याच आकड्यांत मला कोच म्हणून जे दिसतं ते त्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्यांना दिसलं नसणार. सात वॉक दिले, ११२ बॉल टाकले, पाच इनिंगमध्ये. म्हणजे इनिंगला बावीसच्या वर. चांगला पिचर पंधरा-सोळात इनिंग उरकतो. बावीस बॉल याचा अर्थ पोरगं प्रत्येक बॅटरशी जीव तोडून भांडतंय, प्रत्येक बॉल अंगातली सगळी ताकद लावून टाकतंय, कारण शाळेत तेच पुरत होतं. शाळेच्या पोरांना बाहेर जाणारा वेगवान बॉल सोडता येत नाही, ते बॅट फिरवतात आणि आउट होतात. मेजर लीगचा बॅटर तोच बॉल नुसता उभा राहून बघतो. तो शहाणा झालेला असतो. मग तुम्हाला स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे बॅटरला मारता येईल अशा चौकटीत, यावं लागतं, आणि झोनमध्ये आलात की फास्टबॉलचा वेग त्याच्या हाताला एकदा कळला की तो झोडपतो. यावर उपाय एकच, वेग बदलणारा तिसरा बॉल, चेंजअप. क्लाइडकडे फास्टबॉल होता, सुंदर कर्व्हबॉल होता, तिसरं काही मेजर लीगला पुरेल असं नव्हतं. शाळेत ते कधी लागलंच नाही तर येणार कुठून.

चेंजअप कसा शिकतात? मार खाऊन. ही गंमत नाही, खरंच तसंच आहे. हातात बॉल खोल धरायचा, तळव्याकडे, हाताचा वेग फास्टबॉलचाच ठेवायचा आणि बॉल मात्र दहा मैलांनी हळू गेला पाहिजे. सुरुवातीला पोरांचा हातच हळू होतो, बॅटरला लगेच कळतं, आणि बॉल मैदानाबाहेर जातो. पोराला शंभर वेळा असा मार खाऊ द्यावा लागतो, आणि तो जिथे खाल्ला तर कुणाचं काही बिघडत नाही अशा ठिकाणी. मायनर लीग म्हणजे तेच ठिकाण. छोट्या गावातलं मैदान, बसचा प्रवास, दोन हजार लोक, हरलं तरी दुसऱ्या दिवशी पेपरात ओळ येत नाही. कोच म्हणतो आज फक्त चेंजअप टाक, रन गेले तर जाऊ दे. आर्लिंग्टनमध्ये ३५ हजारांसमोर असं कोण म्हणणार?

दुसरा सामनाही घरच्या मैदानावर, तेहतीस हजारांच्या आसपास लोक. आता हिशोब बघा, दोन रात्रींत मिळून ६८ हजारांच्या वर माणसं, आणि पूर्ण सीझनचे ८१ घरचे सामने मिळून सहा लाख ८६ हजार. म्हणजे वर्षभराच्या गर्दीचा दहावा हिस्सा एका पोराने दोन संध्याकाळी आणला. ठरलं होतं दोनच सामन्यांचं. हर्झॉगचं म्हणणं होतं की झालं, बघितला लोकांनी, आता खाली पाठवा, शिकून येऊ द्या. मालकाने ऐकलं नाही. आणि खरं सांगू, शॉर्टच्या जागी दुसरा कुणी कर्जबाजारी माणूस असता तरी त्यानेही तेच केलं असतं, दारात आलेली लक्ष्मी कुणी परत पाठवत नाही. म्हणूनच हा निर्णय त्याच्या हातात असायला नको होता.

सीझन संपला तेव्हा क्लाइडचे १८ सामने, ४ जिंकले ८ हरले, ईआरए ५.०१, ९३ इनिंग. आता तो मघाचा १४८ आठवा. शाळेच्या १४८ आणि वरच्या ९३, एका वर्षात २४१ इनिंग, १८ वर्षांच्या खांद्यावर. खांद्याच्या हाडाच्या वरच्या टोकाला वाढीची एक चकती असते, ती मुलांमध्ये साधारण १६ ते २० या वयात कधीतरी पूर्ण बंद होते, प्रत्येकाचं वेगळं, आणि तोपर्यंत तो भाग स्नायूंच्या ओढीपुढे कच्चा असतो. त्या काळी बॉल मोजायची पद्धतच नव्हती म्हणा, मोठे पिचर वर्षाला तीनशे इनिंग टाकायचे आणि कुणाला काही वाटायचं नाही. त्यामुळे क्लाइडच्या शाळेच्या कोचला किंवा हर्झॉगला आजचे नियम लावून फाशी देण्यात अर्थ नाही.

सप्टेंबरमध्ये हर्झॉगला काढला आणि बिली मार्टिन आला. आता हा माणूस वेगळाच. जिंकायचं, आत्ता जिंकायचं, आणि जिंकून देईल तोच माणूस मैदानात. १९७४ मध्ये फर्ग्युसन जेंकिन्स रेंजर्सकडे आला, २५ सामने जिंकला, जेफ बरोज अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोलाचा खेळाडू, झाला, माइक हारग्रोव्ह रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवखा, आणि आदल्या वर्षी १०५ हरलेली टीम ८४ जिंकून डिव्हिजनमध्ये दुसरी. प्रेक्षक जवळपास बारा लाख. बॉब शॉर्टने टीम विकून टाकली होती, नवा मालक ब्रॅड कॉर्बेट. म्हणजे बघा, ज्याला पोराची गरज होती तो मालक गेला, ज्याला पोराची काळजी होती तो मॅनेजर गेला, आणि गर्दीसाठी आता पोरगं लागत नव्हतं.

क्लाइडने त्या सीझनची सुरुवात तीन विजयांनी केली, हे लोक विसरतात. मग नऊ हरला ओळीने. मार्टिनचा त्याच्यावर भरवसा नव्हता, त्याला कित्येक दिवस नुसतं बसवून ठेवायचे आणि मग एकदम उतरवायचे. पिचरला हे मारक असतं. ज्याचा हात ठराविक दिवसांनी बॉल टाकायला सरावलेला आहे त्याला तुम्ही आठवडेच्या आठवडे बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेत, बसवलं की पहिली जाते ती अचूकता, आणि क्लाइडची अचूकता आधीच कच्ची. वॉक वाढतात, मॅनेजर आणखी चिडतो, आणखी बसवतो. त्यात १९ वर्षांचं पोरगं, आजूबाजूला तिशीतले गडी, सामना संपला की बारमध्ये. दारू तिथेच सुरू झाली हे क्लाइडने स्वतः नंतर मुलाखतींमधून मोकळेपणाने सांगितलंय, मी त्यावर जास्त लिहीत नाही, पण त्या वयाच्या पोरांबरोबर तो मायनर लीगमध्ये असता तर निदान पोरांच्यात पोर म्हणून राहिला असता एवढं म्हणतो.

१९७४ चे आकडे ३ विजय, ९ पराभव, ईआरए ४.३८. हे वाचून लोक म्हणतात, बघा पोरात दमच नव्हता. मला तर उलट वाटतं हो! १९ वर्षांचा, दोन बॉलवर जगणारा, कधी टाकायचं ते माहीत नसणारा पिचर मेजर लीगमध्ये ११७ इनिंग टाकून ४.३८ वर राहतो म्हणजे हात किती चांगला असेल. वाईट पिचर असता तर फुटला असता पार. आणि १९७५ मध्ये एक सामना वर खेळवून त्याला शेवटी खाली पिट्सफील्डला पाठवला, डबल-ए मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, तर तिथे १२ सामने जिंकला, ईआरए तीनच्या आसपास. वय २०. म्हणजे पोरगा ज्या पायरीवर असायला हवा होता त्या पायरीवर ठेवल्यावर बरोबर चालला. फक्त दोन वर्षं उशीर झाला होता आणि मधल्या काळात त्याच्या डोक्यात बसलं होतं की आपण पडलो.

खांदा इथे येतो. १९७६ मध्ये ऑपरेशन. त्या काळी दुर्बिणीतून खांदा दुरुस्त करायची सोय पिचरांना मिळत नव्हती, उघडून करायचे, आणि उघडलेल्या खांद्याचा पिचर पहिल्यासारखा परत येणं फार दुर्मिळ. तरी हा आला. १९७८ च्या सुरुवातीला क्लीव्हलँडने त्याला घेतला आणि त्या वर्षी १५३ इनिंग टाकल्या, ८ जिंकले ११ हरले, ईआरए ४.२८, त्याचं सगळ्यात चांगलं वर्ष तेच. २३ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी ५.९१. १९८० च्या जानेवारीत क्लीव्हलँडने त्याला परत टेक्सासला दिला, म्हणजे जिथून निघाला तिथेच, पण खांदा पुन्हा गेलेला, रेंजर्सने सोडून दिला. १९८१ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या मायनर लीगमध्ये प्रयत्न केला आणि मग थांबला. वय २६. एकूण १८ विजय, ३३ पराभव, ईआरए ४.६३. त्यानंतर टॉमबॉलला सासऱ्यांबरोबर लाकडाच्या धंद्यात वीसेक वर्षं काढली.

तर ताई, खांद्याने गेला की डोक्याने याचं उत्तर असं की आकडे खराब झाले ते १९७३-७४ मध्ये, ऑपरेशन झालं १९७६ मध्ये. घसरण आधी, खांदा नंतर. आणि डोक्याने म्हणाल तर पहिल्याच इनिंगला दोन वॉक देऊन तीन स्ट्राइकआउट काढणाऱ्या पोराचं डोकं कमकुवत कसं म्हणू?

आता थेट वर नेलं म्हणून संपला, हे जे सगळे म्हणतात त्याबद्दल. पूर्ण पटत नाही मला. जो नक्सहॉल बघा. १० जून १९४४, युद्धामुळे माणसं नव्हती म्हणून सिनसिनाटी रेड्सने १५ वर्षांच्या पोराला सेंट लुइससमोर उतरवला. दोन आउट काढले, पाच वॉक दिले, दोन हिट, पाच रन, समोर स्टॅन म्युझियल. सामना १८-० ने गेला. याहून वाईट सुरुवात काय असते? पण त्याला लगेच खाली पाठवलं, आठ वर्षं मायनर लीगमध्ये आणि इकडेतिकडे काढली, १९५२ मध्ये परत आला आणि १३५ सामने जिंकून निवृत्त झाला. वर जाऊन तोंडावर पडल्याने तो संपला नाही, कारण पडल्यावर त्याला तिथेच सोडला नव्हता. बॉब फेलर तर १७ व्या वर्षी १९३६ मध्ये पहिल्याच सुरुवातीच्या सामन्यात १५ स्ट्राइकआउट घेऊन आयोवातल्या आपल्या गावी परत गेला, शाळा पूर्ण केली, आणि पुढे २६६ जिंकला.

आणि क्लाइडचा देव कूफॅक्स? तो एक दिवससुद्धा मायनर लीगमध्ये नव्हता. त्या काळी नियमच होता की ४,००० डॉलरच्या वर बोनस दिला तर त्या पोराला दोन वर्षं मेजर लीगच्या टीममध्येच ठेवायचं. १९५५ मध्ये १९ वर्षांचा आला, पहिली सहा वर्षं ३६ विजय ४० पराभव, वॉकवर वॉक. १९६१ च्या सरावात त्याचा कॅचर नॉर्म शेरी त्याला म्हणाला की सगळा जोर लावू नकोस, जरा सैल टाक. तिथून पुढे जे झालं तो इतिहास. मुद्दा असा की डॉजर्सने त्याला सहा वर्षं धीर धरून सांभाळला, हातात पैसा असलेली आणि जिंकणारी टीम होती, त्यांना त्याची तिकिटं विकायची नव्हती. क्लाइडला सहा वर्षं कुणी दिली? दोन सुद्धा नाही दिली. म्हणजे वर ठेवूनही पोरगं घडतं, पण मग त्याला घडवायची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. रेंजर्समध्ये दीड वर्षात मॅनेजर बदलला, मालक बदलला, पोरगं कुणाचंच राहिलं नाही.

आता कुणीतरी म्हणेलच की मग सचिन १६ व्या वर्षी कराचीत उतरला त्याचं काय. अहो, सचिन त्याआधी मुंबईकडून रणजीचा सीझन खेळून आला होता, १५ वर्षांचा असताना गुजरातविरुद्ध पहिल्याच सामन्यात शतक ठोकून. म्हणजे मायनर लीग करून आला होता. शिवाय बॅट्समन आणि पिचर यांची तुलना करू नका, बॅट फिरवल्याने खांद्यावर तो भार येत नाही. त्याच १९७३ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर मिल्वॉकीने रॉबिन याउंटला घेतला, तोही शाळकरी पोरगा, पण शॉर्टस्टॉप, म्हणजे फिल्डर, पिचर नव्हे. पहिला उन्हाळा त्याला मायनर लीगमध्ये काढायला लावला आणि १९७४ ला १८ व्या वर्षी वर आणला, तीन हजारांच्या वर हिट मारून हॉल ऑफ फेममध्ये गेला. चौथ्या नंबरचा डेव्ह विनफील्ड थेट वर गेला, पण तो कॉलेज करून आलेला २१ वर्षांचा बाप्या होता, तोही हॉल ऑफ फेममध्ये. आणि पहिल्या नंबरचा आपला क्लाइड.

भाच्याबद्दल. त्याच्या कोचचं म्हणणं चूक नाही, फक्त क्लाइडचं नाव घेऊन पोराला घाबरवू नका. अडचण अशी असते की शाळेची टीम वेगळी, उन्हाळ्यातली ट्रॅव्हल टीम वेगळी, वीकेंडला शोकेस, म्हणजे निवडणाऱ्यांसमोर खेळून दाखवणं, वेगळा, आणि प्रत्येक जण फक्त आपल्याकडचे बॉल मोजतो. टेक्सासमध्ये २०१७ पासून हायस्कूलला एका दिवसात ११० बॉलची मर्यादा आहे, मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने २०१४ मध्ये काढलेल्या पिच स्मार्टच्या तक्त्यात १५-१६ वयाला ९५ आणि १७-१८ ला १०५. क्लाइडने पहिल्या दिवशी ११२ टाकले होते. पण हे सगळे आकडे एका दिवसाचे, आठवड्याची बेरीज कुणीच करत नाही, ती घरच्यांनी करायची. एक वही घ्या, तारीख, टीम, किती बॉल. साधी गोष्ट आहे पण माझ्याकडे येणाऱ्या दहा घरांत एखाद्या घरी असते.

आणि नजर खांद्यावर ठेवू नका, कोपरावर ठेवा. दमलेल्या पोराचं कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली यायला लागतं, पुढचा खांदा लवकर उघडतो, आणि बॉल वर, त्याच्याच हाताच्या बाजूला निसटायला लागतो. डावखुऱ्याचा म्हणजे समोरच्या उजव्या बॅटरपासून लांब आणि उंच. असे ओळीने तीन-चार बॉल गेले की तो बेफिकीर झालेला नाही, दमलाय. तेव्हा गॅलरीतून "लक्ष दे" म्हणून ओरडू नका, कोचला खूण करा. पोरं कधीच सांगत नाहीत दुखतंय म्हणून, बसवतील या भीतीने. मी प्रत्येक महिन्याला पोरांना पाठीवर झोपवून, कोपर खांद्याच्या रेषेत काटकोनात ठेवून हात मागे किती जातो आणि पुढे किती येतो ते दोन्ही बाजूंनी बघतो, टाकणाऱ्या हाताचं पुढे येणं आधीच्या महिन्यापेक्षा कमी झालं तर त्याला दोन आठवडे माउंडवर चढू देत नाही. आईवडील रागावतात. रागावू देत. आणि चेंजअप आत्तापासून शिकवा, १५ हे त्यासाठी उत्तम वय आहे, सामने हरला तरी चालेल.

जाता जाता एक गोष्ट, कारण कुणालाही वाटेल की एवढा बोनस मिळालेला माणूस मग सुखात असेल. त्या काळी मेजर लीगच्या पेन्शनसाठी चार वर्षांची सर्व्हिस लागायची. क्लाइड ३७ दिवसांनी कमी पडला. १९८० मध्ये नियम बदलला आणि ४३ दिवस भरले तरी पेन्शन मिळायला लागली, पण तो नियम मागच्यांना लागू केला नाही, त्यामुळे त्याच्यासारखे शेकडो जुने खेळाडू बाहेर राहिले. २०११ मध्ये या लोकांना दर तिमाहीच्या सर्व्हिसमागे ६२५ डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त १०,००० असं काहीतरी द्यायचं ठरलं, २०२२ मध्ये ते वाढवून ११,५०० केलं. त्यावर टॅक्स कापतात, आणि माणूस गेला की बायकोला त्यातलं काही मिळत नाही. १९७३ मध्ये दोन रात्रींत ६८ हजार तिकिटं खपवली होती त्याने.